उन्हाची पायरी

कासव वर आलं तेव्हा माझ्या मुठीतला भात अजून गरम होता.

"आली गो आली!" वरून बायका ओरडल्या. "सून पसंत पडली!"

रहाट्यांच्या घरची ती रीतच होती. नवी सून आली की दुसऱ्या दिवशी पहिल्या वाफेचा भात घेऊन तिनं विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, मूठ पाण्यात सोडायची आणि विहिरीतल्या कासवाची वाट बघायची. ते वर येऊन भात खाऊन गेलं की सून घरची झाली. नाही आलं तर काय होतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी घाटावरची, कराडची. वय चौतीस. बाजार उठताना उरलेल्या मेथीच्या जुडीची जी गत होते ती माझी होत आली होती, तेवढ्यात हे बिजवराचं स्थळ आलं. तेव्हा कासवासमोर उभं राहायलाही माझी तयारी होती.

तर ते आलं. ताटलीएवढं, हिरव्या पाठीचं, डोळ्यामागे लाल पट्टा. आलं आणि सगळा भात फस्त करून आणखी आहे का बघत पाण्यावर मान काढून राहिलं. मला हसूच फुटलं. या घरात मला बघून खूश झालेलं पहिलं कोणी भेटलं होतं.

शेजारच्या पायरीवर एक दहा वर्षांची मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रुपी कुणाच्याही हातचं खाते."

ही प्रणाली. माझ्या नवऱ्याची मुलगी, आणि आदल्या दिवसापासून माझीही, निदान कागदोपत्री.

रुपीची हकिकत मला नंतर कळली. या विहिरीत कासव नाही असं कधी झालं नव्हतं. ह्यांच्या आजोबांनी एक काळं कासव सोडलं होतं. त्याच्या पाठीच्या कडेला भोक पाडून तांब्याची कडी घातली होती, म्हणजे कुणी पळवलं तर ओळखू यावं. त्याला सगळे 'थोरलं' म्हणायचे. कितीतरी वर्षं ते होतं, आणि एका उन्हाळ्यात दिसेनासं झालं. कासवाशिवाय विहीर म्हणजे घराला अवकळा, असं सासूबाईंनी त्यांच्या हयातीत सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. सुगंधा, म्हणजे ह्यांची पहिली बायको, तेव्हा डोंबिवलीला भावाकडे गेली होती. तिथल्या शोभेच्या माशांच्या दुकानात तिला रुपयाएवढं हिरवं पिल्लू दिसलं. ते तिनं स्टीलच्या डब्यात घालून, झाकणाला भोकं पाडून आणलं. रुपयाएवढं म्हणून रुपी. पुढे सुगंधा तापानं गेली, आणि रुपी वाढत राहिली.

प्रणाली शाळेतून आली की दप्तर टाकून विहिरीवर जायची. तिथे तासन्‌तास रुपीशी बोलत बसायची. मला मात्र 'अहो' आणि 'तुम्ही'. "तुमची चाळण कुठे आहे?" "तुम्हाला बाबांनी बोलावलंय." एखाद्या बँकेत आल्यासारखं वाटायचं मला. माझ्या हातून ती काही घ्यायची नाही. मी पोळी वाढायला गेले की "असू दे" म्हणून ताट मागे ओढायची आणि नंतर स्वतः उठून डब्यातून घ्यायची. रोज एकदा तरी माळ्यावर चढायची. मला वाटायचं फणसपोळी चोरायला जात असेल. मी चिडवायचे, "उंदीर मोठा झालाय माळ्यावरचा." ती हसायची नाही.

मीही हट्टी. घर माझं करून घ्यायचंच, असं ठरवून मी कामाला लागले होते. मसाल्याचे डबे हलवले, परसात मेथी लावली. ओटीवरच्या भिंतीला एक रिकामा खिळा होता, त्याला माझं कराडच्या दुकानातलं कॅलेंडर टांगलं. असं दीड वर्ष गेलं.

वैशाखात शेजाऱ्यांच्या खुराड्यात अजगर शिरला. तो पकडायला वनखात्याच्या गमरे मॅडम आल्या. तरुण पोरगी, अंगावर खाकी, आणि अजगर असा पिशवीत भरला की मी शेवग्याच्या शेंगाही इतक्या सहज भरल्या नसत्या. हात धुवायला त्या आमच्या विहिरीवर उतरल्या आणि पायरीवरच थबकल्या.

आमच्या विहिरीत ऊन उतरतं ते दुपारी, आणि तेही पाण्याला टेकलेल्या एकाच पायरीवर. तिथे रुपी पाय पसरून पडली होती.

"ही कुठून आली, वहिनी?"

"डोंबिवलीहून," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "ही मूळची अमेरिकेतली. दुकानात पिल्लू म्हणून विकतात, मोठी झाली की लोक तळ्यात, नदीत सोडून देतात. आपली कासवं लाजाळू. ही तशी नाही. खाणं हिचं, उन्हाची जागा हिची. वर हिच्यामुळे आपल्या कासवांना रोगही लागतात. पावसात ही विहीर भरून वाहते का?"

"वाहते की. सगळं पाणी पऱ्याला जातं." पऱ्या म्हणजे आमच्या खाचरांच्या कडेनं वाहणारा ओढा.

"पऱ्यात काळी कासवं अजून आहेत. फार नाहीत. इतकी वर्षं ही वाहून गेली नाही, तेव्हा लहान होती, कपारीत राहिली असेल. आता ही धडधाकट मादी आहे. दुसऱ्या कुणी एखादा नर सोडला असला की झालं." त्यांनी हात गळ्यातल्या रुमालाला पुसले. "पावसाआधी हिला बाहेर काढा. पुण्याच्या केंद्रात पाठवू, नाहीतर चहूबाजूंनी बंद हौदात ठेवा. मारायला मी सांगत नाही."

मी वर बघितलं. प्रणाली शाळेत होती म्हणून बरं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. जयवंत रहाटे हा माणूस भातखाचरात नांगरासमोर कुणाचं ऐकायचा नाही, पण मुलीपुढे त्याची वाचा बसायची. ते विडीचं टोक बघत म्हणाले, "राहू दे गो. एवढं वर्ष राहू दे."

"आणि वाहून गेली तर?"

"पोर तोंड फिरवील माझ्याकडून."

"माझ्याकडे तर तिनं ते कधी वळवलेलंच नाही," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मलाही तेच हवं होतं. सावत्र आईनं घरात येऊन काय केलं, तर पहिलीनं आणलेलं कासव काढलं! हे गावानं वर्षभर चघळलं असतं. गावाचं जाऊ दे. त्या पोरीच्या डोळ्यात मला बघवलं नसतं. मी गप्प बसायचं ठरवलं.

पण विहिरीनं गप्प बसू दिलं नाही. पंप गाळ ओढायला लागला होता. सुगंधा आजारी पडल्यापासून विहीर उपसली नव्हती. शाळेला सुट्टी लागली आणि ह्यांनी उपसा काढला. रुपीला प्रणालीनं स्वतः उचलून पाण्याच्या पिंपात ठेवलं. पंपानं पाणी तळाला नेलं. हे आणि शेजारचे दोघे घमेल्यानं गाळ वर देत होते, आम्ही काठावर ओढून घेत होतो.

"थांबा!" हे खालून ओरडले.

 मग ते पायऱ्या चढून आले. हातात चिखलाचा गोळा. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि तांब्यातल्या पाण्यानं मी तो धुतला. काळी पाठ निघाली. कडेला हिरवी पडलेली तांब्याची कडी.

"थोरलं!" ह्यांचा आवाज फुटला. "कपारीत होतं. अगदी आत. मेलेलं समजत होतो आम्ही."

ते मेलेलं नव्हतं. मान काढून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घेतली. उचलून बघितलं तर करवंटीसारखं हलकं. पाठीवर पांढरे चट्टे. मागच्या एका पायाचा पंजा कुणीतरी चावून तोडलेला, जुनी जखम, वर नवी जखम.

सगळ्यांनी पिंपाकडे बघितलं.  विहिरीत ते आणि रुपी, दोघांशिवाय तिसरं होतंच कोण?

ह्यांनी गमरे मॅडमना फोन लावला. त्या त्याच दिवशी आल्या, जखमेला औषध लावलं, जुनी कडी पक्कडीनं तोडून काढली. म्हणाल्या, "उन्हाळ्यात ही कासवं चिखलात गाडून घेतात. तेव्हा ते गेलं असं तुम्हाला वाटलं असेल. परत वर आलं तोवर पायरीवर दुसरं आलेलं, आणि ते मोठं होत गेलं. ऊन नाही, पोटभर खाणं नाही. एवढी वर्षं कसं जगलं, त्यालाच माहीत." रुपीबद्दल त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी प्रणाली ऐकत होती.

त्या गेल्या. हे गोठ्याकडे निघून गेले. पळून गेले म्हटलं तरी चालेल. पडवीत मी, प्रणाली, टोपात थोरलं आणि पिंपात रुपी.

"दोघं राहतील," प्रणाली म्हणाली. "मी लक्ष ठेवीन. मी रुपीला ओरडीन."

"ओरडून कासव ऐकतं का, बाळ?"

"आईनं आणलीय तिला."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला नकोच होती ती. आईची म्हणून नको होती."

"तसं नाही गं. ती इथली नाही. बाहेरून आली आणि त्याची जागा..."

तेवढ्यात ती उठून उभी राहिली.  "बाहेरून आली म्हणून काढायची? मग तूपण बाहेरूनच आलीस!"

दीड वर्ष मी तिच्या तोंडून 'तू' ऐकायला झुरत होते. आला तो असा आला. राग यायला हवा होता, आला नाही.  मी टोपातल्या त्या म्हाताऱ्या कासवाकडे बघत राहिले.  मग जे मनात होतं तेच तोंडातून आलं.

"हो. आले मी बाहेरून. खरं सांग मला प्रणाली, मी आल्यावर या घरात कुणाला कपारीत ढकललंय का?"

मला वाटलं, ती म्हणेल "मला". त्याची मी तयारी केली होती.

  ती वळून आत गेली. माळ्याच्या शिडीचा आवाज आला. उतरली तेव्हा छातीशी काहीतरी पंच्यात गुंडाळलेलं होतं. माझ्यासमोर तिनं ते सोडलं.

सुगंधाचा फोटो. हसरी, नाकात मोठी नथ. चौकटीला वरती टांगायची तार.

"आत्यानं काढून ठेवलान," ती म्हणाली. "तू यायच्या आदल्या दिवशी. नव्या बाईला रोज बघायला नको म्हणाली. बाबापण काही बोलले नाहीत. ओटीवर होता तो."

ओटीवर. मला सगळं एकदम दिसलं. रिकामा खिळा. कॅलेंडर लावताना दारात उभी असलेली ती. माळ्यावरचा उंदीर म्हणून मी केलेली चेष्टा. दीड वर्ष ती पोर रोज शिडी चढून आईला बघून येत होती, आणि मी तिला फणसपोळी मोजून दाखवत होते.

रडू आलं, ते मी लपवलं नाही. उठले, ओटीवर गेले, कॅलेंडर काढलं. खिळा जरा हलत होता, वरवंट्यानं दोन ठोके दिले आणि फोटो टांगला.

"वाकडा झाला," मागून आवाज आला.

"मग ये की. सरळ कर."

ती स्टुलावर चढली, तिनं चौकट सरळ केली, फ्रॉकच्या टोकानं काच पुसली. खाली उतरून बराच वेळ बघत राहिली. मी बाजूला, हातात ते कॅलेंडर घेऊन.

"हे कुठे लावणार?" तिनं विचारलं.

"स्वयंपाकघरात. तिथे मला तारखा लागतात, गॅसच्या आणि दुधाच्या."

ती पडवीत गेली. पिंपात हात घालून तिनं रुपीला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. रुपी हवेत पाय मारत होती. तिच्या पाठीवर बोट फिरवत प्रणाली म्हणाली, "तिला पुण्याला नाही पाठवायचं."

"नाही पाठवायचं."

"हौद मोठा पाहिजे."

"तुझ्या बाबांना सांगते. गोठ्यात लपलेत ते."

"आणि उन्हाची पायरी पाहिजे तिला. तिची स्वतःची."

ह्यांनी आठवडाभरात चिऱ्यांचा हौद बांधला. मुलीच्या मर्जीत परत यायचं म्हणून असा बांधला की त्यात म्हैस मावेल. पागोळ्यांच्या पाण्यानं भरून वाहू नये म्हणून गोठ्याच्या पत्र्याखाली, पूर्वेकडून सकाळचं ऊन येईल अशा बेतानं. वरून जाळी, आत सिमेंटची पायरी. ते थोरलं बरं होईपर्यंत टोपात राहिलं, आणि जखम भरल्यावर प्रणालीनंच त्याला विहिरीत सोडलं. आता कडी नव्हती. पावसात विहीर भरली की त्याला वाटलं तर त्यानं पऱ्याला जावं, वाटलं तर यावं, असं मॅडमचं म्हणणं.

रुपी अजून आहे त्या हौदात. प्रणाली आता गुहागरला सासरी असते. फोन आला की आधी रुपीची विचारपूस, मग बाबांची, मग माझी. मी म्हणते, "बरं झालं बाई, तिसरा तरी नंबर लागला." दोन वर्षांपूर्वी पऱ्याच्या काठाला मला बोटाएवढं काळं पिल्लू दिसलं होतं. त्याचा फोटो काढून पाठवला, तर तिनं आख्ख्या सासरला दाखवला. पण मला आठवतं ते हे नाही. मला आठवते ती थोरल्याला सोडल्यानंतरची एक दुपार.

पाऊस अजून आला नव्हता. प्रणाली विहिरीवरून पळत आली. "चल लवकर. पायरीवर आलंय. उन्हात बसलंय!"

मी हात पुसत निघाले.

"तशी नको. भात घेऊन चल."

"भात कशाला?"

"तू पहिल्यांदा टाकलास तो रुपीनं खाल्लान. तो धरायचा नाही. ती विहिरीची नव्हतीच." तिचा चेहरा अगदी गंभीर होता. "परत टाकायला पाहिजे."

"अस्सं! दीड वर्ष राबवून घेतलंत, आणि आता म्हणता परीक्षा झालीच नाही?"

"चल गं!"

मी भात घेतला. बारावी शिकलेली बाई मी, असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण पायऱ्या उतरताना एक शीतही सांडू दिलं नाही. ह्यांनी वरून डोकावून विचारलं, "काय चाललंय मायलेकींचं?" आम्ही दोघी उतरत राहिलो.

थोरलं उन्हाच्या पायरीवर बसलं होतं. पाठीवरचे चट्टे फिके झाले होते. आमची चाहूल लागताच ते पाण्यात घसरलं आणि कपारीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. मी वाकून मूठ सोडली. शितं पांढरी पांढरी दिसत खाली जायला लागली. बारके मासे गोळा झाले. थोरल्याचं नाक तेवढं दिसत होतं. आम्ही श्वास धरून बघत राहिलो. त्यानं भाताकडे बघितलं असावं, किंवा नसावं. मग शांतपणे मान आत घेतली आणि ते कपारीत निघून गेलं.

भात माशांनी खाल्ला.

"त्याला भूक नसेल," मी म्हटलं. आवाज जमेल तेवढा हसरा ठेवला.

प्रणालीनं पाण्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग वर मान करून, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! आलं! वर आलं! सगळा भात खाल्लान हिच्या हातचा!"

"खरंच?" वरून ह्यांनी विचारलं.

"मग! मी बघितलं ना!"

तिनं माझं मनगट पकडलं आणि मला पायऱ्या चढवत वर आणलं. मागे वळून बघायला दिलं नाही. काठावर आल्यावर तिनं माझी मूठ उघडली. तळव्याला दोन शितं चिकटून राहिली होती. ती तिनं बोटानं टिपली आणि तोंडात टाकली.